तीन खोल्यांचे भाडे आणि दोन खोल्यांचे घर: लातूरमधील एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण लातूरचे आहे. गंजगोलाईपासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या घराचा तळमजला सात वर्षांपासून एका कुटुंबाकडे भाड्याने होता. पती आडत दुकानात हिशेब लिहितात, आणि पत्नी शिकवणीसाठी लातुरात येऊन राहिलेल्या मुलांना दोन वेळचे डबे पुरवतात. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. भाड्याची वही बाईंच्या नावे होती. घरमालक त्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांना हे कुटुंब काका म्हणते, आणि दसऱ्याला सोने द्यायला दोन्ही घरांचे येणेजाणे होते. ओळख पटेल असे इतर तपशील येथे वगळले आहेत.

जागा अशी होती: पुढची खोली १२ बाय १० फुटांची, मधली तेवढीच, आणि परसाकडची १० बाय ८ फुटांची, जिच्यात ओटा व मोरी असल्यामुळे तेच स्वयंपाकघर होते. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या खोलीवर पत्रे होते. मागच्या दाराने परसात उतरले की न्हाणी, संडास आणि जमिनीतला हौद लागतो. लातूरकरांना हौदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. नळ रोज येत नाही, तो येतो तेव्हा हौद भरून घ्यायचा आणि पुढचा नळ येईपर्यंत त्यावर घर चालवायचे, हा इथला शिरस्ता आहे.

होळीनंतर घरमालकांनी वरच्या मजल्याचे काम काढले. विद्यार्थ्यांना देण्यासाठी वर चार खोल्या काढायच्या होत्या, त्यासाठी मागच्या बाजूने खांब उठवणे भाग होते, आणि त्यांतला एक खांब नेमका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून वर जाणार होता. "आठ-पंधरा दिवसांचे काम आहे, तेवढे सांभाळून घ्या," असे काकांनी तोंडी सांगितले आणि बाईंनी भांडी मधल्या खोलीत आणली. गवंड्याने चार पत्रे काढले, ओटा फोडला आणि खांब भरला. पुढे पैशांची ओढाताण झाल्याने काम थांबले, पण सिमेंटची पोती, सेंट्रिंगच्या फळ्या आणि सळयांचे भारे त्याच खोलीत पडून राहिले, आणि सामान चोरीला जाऊ नये म्हणून परसाकडच्या दाराला मालकांचे कुलूप लागले. थोड्याच दिवसांत हौदाच्या झाकणावरही कुलूप आले. कारण असे सांगितले गेले की परसात खड्डे आहेत, शेजारची लेकरे खेळतात, कुणी पडले तर जबाबदारी कोणाची. संडास-न्हाणीला जायला बोळातून वळसा घालून वाट होती, मात्र पाण्यासाठी दर वेळी काकांच्या घरी किल्ली मागायला जावे लागू लागले.

मृगाच्या पहिल्या पावसात उघड्या छतातून आलेले पाणी उंबरा ओलांडून मधल्या खोलीत शिरले. त्या खोलीत एका भिंतीशी गॅस, दुसऱ्या भिंतीशी सासूबाईंची खाट आणि मध्ये डब्यांची चळत, अशी मांडणी झाली होती. भाडे मात्र दरमहा ६,००० रुपये, पूर्वीइतकेच मागितले जात होते.

इथे कुटुंबाने जे केले ते बहुतेक भाडेकरू करतात. त्यांनी एप्रिलपासून भाडे देणेच बंद केले. चार महिन्यांचे २४,००० रुपये थकले तेव्हा मालकांच्या वकिलाची नोटीस आली, आणि ती घेऊन पती-पत्नी जुलैच्या अखेरीस कायदेशीर सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. बाईंचा प्रश्न सरळ होता: "खोली त्यांनी वापरायची, पाणी त्यांनी बंद करायचे आणि थकबाकीदार आम्ही, हे कसे काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कायद्यात एका ठिकाणी सापडत नाही, हीच या प्रकरणाची खरी अडचण आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण अधिनियम, १९५४ लागू होता, आणि तेव्हा अशा तक्रारी भाडे नियंत्रकाकडे जात. जुनी माणसे अजूनही "रेंट कंट्रोलरकडे अर्ज टाका" असे सांगतात ते त्यामुळे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला, हैदराबादचा कायदा रद्द झाला आणि मुंबईबाहेर हे वाद सामान्यतः दिवाणी न्यायालयात, बहुधा कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे, जाऊ लागले. हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या भागांनाच लागू असतो. हद्दीबाहेरच्या खेड्यात घर असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ वर विसंबावे लागते, म्हणून पहिले काम जागा कोणत्या हद्दीत येते ते पाहण्याचे असते. आमचे घर हद्दीत होते.

त्यानंतर मी कुटुंबाला एकाच तक्रारीचे तीन तुकडे करायला सांगितले, कारण प्रत्येक तुकड्याचा उपाय वेगळा, मुदत वेगळी आणि पुरावाही वेगळा आहे. पाणी बंद होणे ही एक गोष्ट, छत गळणे ही दुसरी, आणि खोलीचा ताबा जाणे ही तिसरी. बोलताना आपण या तिन्हींना "मालक त्रास देतो" या एका वाक्यात बांधतो, आणि अर्जही तसाच लिहिला की न्यायाधीशांना नेमका कोणता आदेश द्यावा हेच कळत नाही.

पाण्याचा भाग सर्वांत सोपा होता. १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ नुसार भाडेकरू उपभोगत असलेली अत्यावश्यक सेवा किंवा पुरवठा रास्त व पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास वा रोखण्यास घरमालकाला मनाई आहे. त्यात पाणी, वीज, जिन्यातले व बोळातले दिवे, लिफ्ट आणि स्वच्छतेची सोय यांचा समावेश होतो. मालकाच्या चुकीमुळे महापालिकेने किंवा अन्य सक्षम यंत्रणेने पुरवठा तोडला तरी तो मालकानेच रोखला असे धरले जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. न्यायालय सविस्तर चौकशीआधीच अंतरिम आदेश देऊ शकते, आदेशाची तारीख उलटली तर दररोज शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलमाचा भंग हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हाही आहे. शंभर रुपयांची आज कोणाला भीती वाटणार, असा प्रश्न पडतो खरा, परंतु आदेशाची प्रत हातात आली की गल्लीतले वजन बदलते, हा माझा अनुभव आहे.

काकांच्या वकिलाने दोन मुद्दे मांडले. पहिला असा की भाडे तीन खोल्यांचे होते, परस मालकांचेच आहे. यावर कायद्यातली 'जागा' या शब्दाची व्याख्या पुरेशी ठरली, कारण इमारतीला किंवा तिच्या भाड्याने दिलेल्या भागाला संलग्न असलेली बाग, मोकळी जमीन आणि आउटहाउस हे सारे त्या व्याख्येत येते. सात वर्षे जो हौद भाडेकरूने भरला आणि वापरला, तो ऐनवेळी वेगळा काढता येत नाही. दुसरा मुद्दा लेकरांच्या सुरक्षिततेचा होता, आणि तो मला पोकळ वाटला नाही. परसात खरोखरच खड्डे होते, आणि उघड्या हौदाशेजारी सळया उभ्या होत्या. म्हणून आम्ही कुलूप काढण्याची मागणी न करता किल्लीची दुसरी प्रत आणि खड्ड्यांभोवती आडोसा मागितला. ऑगस्टमध्ये अर्ज दाखल झाला आणि दुसऱ्याच तारखेला किल्ली देण्याचा अंतरिम आदेश झाला. मागणी बेताची असली की अंतरिम आदेश लवकर मिळतो.

छताचा भाग कलम १४ मध्ये येतो. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतो, आणि त्याने ठेवलेला हिशेब व पावत्या मालकावर बंधनकारक असतात. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. येथे वर्षाचे भाडे ७२,००० रुपये, म्हणजे मर्यादा १८,००० रुपये. पत्रे, अँगल, ओटा आणि मजुरी मिळून मिस्त्रीने काढलेला अंदाज २६,००० रुपयांचा होता. शिवाय ज्या खोलीत मालकाचे सिमेंट आणि मालकाचाच अर्धवट खांब आहे तिथे भाडेकरूने पत्रे घालणे म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि उद्या "बांधकामात परवानगीशिवाय फेरफार केला" असा उलटा आरोप अंगावर घेणे. कलम १४ ची नोटीस आम्ही टपालाने पोचपावतीसह पाठवली, पण प्रत्यक्ष दुरुस्ती करू नका असे मी सांगितले.

आता खोलीकडे आणि भाड्याकडे येतो, कारण कुटुंबाचे छप्पर जाण्याचा धोका पाण्यामुळे नव्हे, यामुळे निर्माण झाला होता.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८(सी) नुसार भाडेकरू भाडे देत असेल आणि करारातील अटी पाळत असेल तर मुदतभर त्याला अडथळ्याविना जागा उपभोगू देण्याची हमी मालकाने दिली आहे असे मानले जाते. मग हमी मोडली तर भाडे पूर्ण थांबवता येते का? इंग्लंडमध्ये तसा नियम रूढ होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्रनाथ बिब्रन विरुद्ध स्टीफन कोर्ट लिमिटेड (एआयआर १९६६ सर्वोच्च न्यायालय १३६१) या प्रकरणात तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. कलकत्त्यातील एका फ्लॅटच्या तीन शयनखोल्यांपैकी एकीचा ताबा भाडेकरूला मिळालाच नव्हता, आणि त्याने भाडेच थांबवले होते. भाडे संपूर्ण स्थगित करायचे की प्रमाणात द्यायचे हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या भाडेकरूला मिळालेल्या जागेच्या प्रमाणात भाडे देण्यास जबाबदार धरले. दोन खोल्यांत राहायचे आणि भाडे शून्य द्यायचे, हे न्यायाला धरून नाही, असा त्याचा साधा अर्थ.

बाईंना हा निर्णय सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आम्ही निम्मे देतो." मुद्दा इथेच फसतो. प्रमाण म्हणजे किती? टेप धरून मोजले तर एकूण ३२० चौरस फुटांपैकी ८० चौरस फूट गेले, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणजे १,५०० रुपये. काकांच्या बाजूने हेच गणित मांडले गेले, आणि त्यातही खोली पत्र्याची असल्याने तिचे मोल कमी, असे सांगण्यात आले. परंतु घराचे मोल चौरस फुटांत सारखे वाटलेले नसते. पुढची खोली गेली असती तर कुटुंबाने मधल्या खोलीत पाहुणे बसवले असते. स्वयंपाकघर गेल्याने मधली खोलीही निम्मी गेली, तीत धूर आला, ओल आली आणि सासूबाईंचा खोकला वाढला. बत्तीस डब्यांपैकी अकरा मुलांनी डबा बंद केला, कारण सकाळचा डबा शिकवणीच्या वेळेत पोहोचेना. डब्यांच्या नुकसानीचा विचार भाड्याच्या प्रमाणात करायचा की स्वतंत्र नुकसानभरपाईत, यावर वकिलांत मतभेद होऊ शकतो. माझ्या मते ती बाब नुकसानभरपाईचीच आहे, आणि ती भाड्यात कालवली तर भाड्याचा हिशेबही संशयास्पद दिसतो.

न्यायालयही तुमचे प्रमाण मान्य करील याची खात्री नसताना आपणच आकडा ठरवून कमी भाडे देणे हा मोठा जुगार आहे. कलम १५ नुसार थकीत भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस मिळाल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणावरून ताब्याचा दावा करता येत नाही, आणि दावा झाल्यावरही समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याज व खर्चासह न्यायालयात भरून पुढे नियमित भरणा ठेवला तर त्या कारणाने ताब्याचा हुकूमनामा होत नाही. कायद्याने एवढी सवड दिली आहे, ती "आमचे तर निम्मेच देणे लागते" या हट्टापायी घालवू नये. म्हणून मी सांगितलेला उपाय कुटुंबाला मुळीच आवडला नाही: चार महिन्यांचे २४,००० रुपये पूर्ण पाठवा, दर महिन्याचे भाडे पूर्ण देत राहा, आणि प्रत्येक भरण्यासोबत लिहा की हक्क अबाधित राखून, प्रमाणशीर वजावटीची मागणी कायम ठेवून ही रक्कम देत आहोत. बाईंच्या पतींनी भिशीचे पैसे उचलून रक्कम बँकेतून पाठवली. अनामत ३०,००० रुपये काकांकडे आहे, त्यातून थकबाकी कापून घ्या असे त्यांचे म्हणणे होते, परंतु मालकाच्या संमतीशिवाय तसे धरून चालता येत नाही.

पुरावा म्हणून हाती काय होते? पहिल्या वर्षाचा ११ महिन्यांचा नोटरी केलेला बाँड, जो पुढे कधी नव्याने झाला नाही, आणि एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही, जिच्यात दर महिन्याला काकांची सही आहे. कलम ३१ नुसार भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे, आणि वहीतली सही हे काम भागवते. करार नोंदणीकृत नव्हता. कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसे नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तीन खोल्या, परस आणि हौद ही भाड्याची जागा होती, हे बाईंचे म्हणणे या एका कलमाने भक्कम झाले. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता फक्त वापराची परवानगी देणारा, नोंदणीकृत करार असता तर चित्र बरेच वेगळे असते, कारण कलम १४ आणि २९ 'भाडेकरू'विषयी बोलतात.

दुसऱ्या बाजूने असा आक्षेप आला की घर राहण्यासाठी दिले असता तिथे डब्यांचा धंदा चालतो. वहीच्या शेवटच्या पानांवर बाईंनी डब्यांचा हिशेब लिहिला होता, आणि त्यात दोन वर्षांपूर्वी काकू माहेरी गेल्या असताना काकांना पोहोचवलेल्या चाळीस डब्यांची नोंद निघाली. त्यासमोरची रक्कम भाड्यातून वळती केली होती आणि खाली काकांची सही होती. आक्षेप पुन्हा ऐकू आला नाही.

खोलीच्या ताब्यासाठी आणखी एक मुदत डोळ्यांसमोर होती. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार संमतीशिवाय आणि कायद्याची रीत सोडून ताबा घेतला गेला तर सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघतच नाही. आता येथे बाईंनी भांडी स्वतः हलवली होती, म्हणजे संमती होती असे म्हणता आले असते. आमचे म्हणणे असे की संमती पंधरा दिवसांच्या कामापुरती होती, कुलपाला नव्हती. कुलूप लागल्याची तारीख ठरवायला मुलाच्या वाढदिवसाचा मोबाइलमधला फोटो कामी आला, ज्यात मागच्या दारावर नवे कुलूप स्पष्ट दिसते. अशा फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, ते मूळ फोन हातात असतानाच तयार करून ठेवले. सप्टेंबरमध्ये, सहा महिने भरण्यापूर्वी, खोलीचा ताबा आणि मनाई हुकूम यांसाठी दावा दाखल केला. जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमला गेला. त्याने खोलीत ६१ पोती सिमेंट मोजले, त्यांतली बरीचशी ओल लागून दगड झाली होती.

त्या अहवालानंतर काकांचा सूर बदलला. यात कायद्याइतकाच सिमेंटचाही वाटा असावा. खरे तर त्यांना योग्य मार्ग उपलब्ध होता. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेणे आवश्यकच असेल तर कलम १६ खाली तसा आदेश मागता येतो, आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येण्याचा हक्क राहतो. हा मार्ग न्यायालयातून जातो, सळयांचे भारे टाकून जात नाही. मधल्या काळात कोणीतरी बाईंना सुचवले होते की महापालिकेत अनधिकृत बांधकामाची तक्रार करा. मी थांबवले. इमारत धोकादायक ठरवून महापालिकेने रिकामी करण्याची नोटीस दिली, तर पहिल्यांदा बाहेर पडावे लागते ते राहणाऱ्याला. ती तक्रार करूच नये असे नाही, पण ती कोणाच्या डोक्यावर पडेल याचा अंदाज घेऊन करावी.

डिसेंबरच्या लोक अदालतीत तडजोड झाली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळू शकते, आणि लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील होत नाही. ठरले असे: वजावट दरमहा २,००० रुपये, जे चौरस फुटांच्या हिशेबापेक्षा जास्त आणि बाईंच्या मागणीपेक्षा कमी आहे. एप्रिल ते जानेवारी या दहा महिन्यांचे २०,००० रुपये फेब्रुवारीपासून दहा हप्त्यांत भाड्यातून वळते होतील. जानेवारी संपण्यापूर्वी मालकांनी पत्रे घालून, समोरच्या भिंतीला नवा ओटा बांधून खोली द्यायची, कारण जुन्या ओट्याच्या जागी आता खांब आहे. डब्यांच्या नुकसानीची मागणी बाईंनी सोडली. ती सोडू नये असे माझे मत होते, परंतु त्याच गल्लीत राहायचे आहे हे त्यांचे कारणही मला खोडता आले नाही.

नवा करार नोंदवताना सर्वांत जास्त वेळ जागेच्या वर्णनावर गेला. खोल्यांची मापे, ओटा, मोरी, न्हाणी, संडास, हौद आणि त्याची एक किल्ली हे सारे एकेक करून लिहिले गेले. 'परस' या शब्दाला काकांचा शेवटपर्यंत विरोध होता, तेव्हा "हौदापर्यंतची व संडासापर्यंतची मोकळी जागा, वापरासाठी" असे लिहून दोघांनीही सही केली. वापराच्या रकान्यात काकांनी 'निवास' एवढेच सांगितले होते. बाईंनी लाल वही पुढे सरकवली, आणि त्यापुढे 'व घरगुती डबे' हे शब्द घातले गेले.